विषय : माझ्या पोटाबाबत

गयाबाई खाऊन मेल्या, असे आमच्या गावात आजही बोलले जाते. सदरहू विधान खोटे आहे. ते खोटे असल्याचे कुठेतरी लेखी राहावे, एवढ्याच हेतूने मी हा मजकूर लिहीत आहे.

मी तहसील कचेरीसमोर बसणारा अर्जनवीस. शिक्षण नववीपर्यंत, पुढे योग आला नाही. परंतु या तालुक्यातील निम्म्या तक्रारींना माझ्या लेखणीने तोंड मिळालेले आहे, ही गोष्ट माझे विरोधकही नाकारीत नाहीत. गावाचे नाव लिहीत नाही, कारण त्या वेळचे अधिकारी आज बढती घेऊन इतरत्र आहेत व मला कोणाशी वैर धरावयाचे नाही. यवतमाळ जिल्हा, एवढे पुरेसे आहे.

गयाबाईंचे हातपाय काटकुळे होते, गाल आत गेलेले होते, आणि या दोहोंच्या मध्ये पोट होते. ते पोट त्यांच्या अंगाचे वाटतच नसे. दुसऱ्या कोणाचे तरी आणून त्यांच्या कमरेला बांधले असावे, असे पाहणाऱ्यास वाटे. त्या स्वतः त्याला ‘साहेब’ म्हणत. “साहेब पुढं चालते, मी त्याच्या मांगं. लोकं बी पह्यले त्यालेच नमस्कार करते,” असे सांगून त्या स्वतःच आधी हसत, म्हणजे दुसऱ्याच्या हसण्यात काही दम राहत नसे. पती पूर्वीच वारलेले, मुलगी ढाणकीस दिलेली. घरी त्या आणि साहेब, असा दोघांचा संसार.

गयाबाई जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, बायांच्या टोळीच्या मुकादम होत्या. ओला कापूस गंजीत दबला, म्हणजे गंजी आतल्या आत तापू लागते. वरून पाहावे तर पांढरीशुभ्र. धूर नाही, वास नाही. अशी गंजी कितीएक दिवस तशीच धुमसत राहते आणि मग एके दिवशी सगळे जिनिंग पेटते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी गयाबाई प्रत्येक गंजीत खांद्यापर्यंत हात खुपसत, क्षणभर डोळे मिटून उभ्या राहत, आणि हात काढून तळवा गालाला लावीत. तळवा गार लागला तर पुढे चालू लागत. नाही लागला तर तिथूनच ओरडत, “खोला इले. पसरा उन्हात.” मग मालक स्वतः मध्ये आला, तरी ती गंजी उलगडल्याखेरीज दुसऱ्या कामाला बाई हात लावीत नसत.

एके सकाळी त्या माझ्या टेबलापाशी आल्या व दवाखान्याची चिठ्ठी पुढे केली.

“जयभीम, भाऊ. वाचा बरं, काय लिवलं ह्याच्यात?”

चिठ्ठी इंग्रजीत होती. मी इंग्रजी अक्षरे लावतो. अर्थ मात्र दर वेळी लागतोच असे नाही, आणि ही बाब गयाबाईंपासून लपून राहिली नाही.

“तोंड काहून असं केलं? मरून राह्यली का मी?”

“तसं नाही. साखर हाये, दाब हाये, रक्तात चरबी हाये. अन् वरून एक मोठं नाव हाये.”

“मी त पायाच्या मुंग्या घेऊन गेलती,” त्या म्हणाल्या. “एक नेला, तं चार घेऊन आली. बजारात बी एवढं मोफत नाही भेटत.”

मोठ्या नावाचा उलगडा व्हावा म्हणून आम्ही दोघे ग्रामीण रुग्णालयात गेलो. डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या, वयाने लहान, परंतु बोलण्यात धीराच्या. त्यांनी शिंप्याकडचा फीत-टेप काढून गयाबाईंच्या बेंबीवरून फिरवला, आकडा लिहिला. मग गयाबाईंना तोंड उघडावयास सांगून हिरडीवर बोट दाबले. बोटाला रक्त लागले.

“ही सूज दिसते आहे ना,” त्या म्हणाल्या, “तशीच सूज आत आहे. बारीक, मंद, वर्षानुवर्षांची. ताप येत नाही, ठणका लागत नाही, म्हणून कळत नाही. पोटातली चरबी म्हणजे नुसती साठवण नसते, मावशी. ती सारखी रक्तात काहीबाही सोडत असते. शरीराला वाटतं, कुठेतरी जखम झाली आहे. ते सूज धरून बसतं. त्या सुजेत साखर पेशींच्या आत नीट शिरत नाही, मग रक्तात वाढते. रक्तवाहिन्या आतून खराब होतात, दाब वाढतो. साखर, दाब, चरबी, पोट, ही मंडळी एकत्र येतात, तेव्हा त्या सगळ्या जमावाला हे मोठं नाव आहे.”

गयाबाईंनी खाली आपल्या पोटाकडे पाहिले. 

“म्हंजे गंजी तापली,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंना गंजी ठाऊक नव्हती. गयाबाईंनी हातवारे करून समजावली. बाई लक्षपूर्वक ऐकत होत्या. “पुष्कळसं तसंच,” त्या म्हणाल्या. “पण तुमची गंजी एका दिवसात उलगडता येते. ही एका दिवसात उलगडत नाही. आणि कुठून तापायला लागली, ते एक कारण दाखवता येत नाही. पोटाने सूज वाढते, सुजेने साखर बिघडते, बिघडलेल्या साखरेने हिरड्या आणखी सुजतात. हे गोल फिरत राहतं.”

“मी खाऊन खाऊन केलं म्हंते लोकं.”

“खाण्याचा संबंध नाही, असं मी सांगणार नाही. पण काय खाता?”

गयाबाईंनी सांगितले. ज्वारीची भाकर परवडत नाही म्हणून रेशनच्या गव्हाची पोळी. सुटे स्वस्त तेल. भाजी असली तर असली. आणि कामावर भूक मारायला दिवसभर गोड चहा. त्यातच तंबाखू-सुपारीचा खर्रा. झोप म्हणाल, तर जिनिंग कधी बंद पडेल या घोराने तीही नाही.

“हे जास्तीचं खाणं नाही, मावशी. हे चुकीचं खाणं आहे, आणि त्यातलं बरंचसं तुम्ही निवडलेलं नाही,” असे म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहिल्या, हिरड्यांसाठी दंतवैद्याकडे पाठवले, रोज चालायला सांगितले, आणि खर्रा आजपासून बंद म्हणून बजावले. हृदयाची तपासणी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात करावी लागेल, असेही म्हणाल्या. शेवटी टेप गुंडाळून गयाबाईंच्या हातात दिला. “महिन्यातून एकदा मोजा. आकडा मला सांगा.”

दवाखान्याच्या फाटकात गयाबाईंनी कनवटीची खर्ऱ्याची पुडी काढली व माझ्या हातावर ठेवली. “टेबलाच्या खणात ठेवा. मागतली त देऊ नोका.” दुसऱ्याच दिवशी त्या मागावयास आल्या. मी दिली नाही. त्यांनी माझ्या मातापितरांचा जो उद्धार केला, तो येथे लिहिण्यासारखा नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, पुन्हा उद्धार केला. पुढे नुसताच उद्धार करण्यासाठी येत, आणि जाताना चहा पीत, बिनसाखरेचा, तोंड वाकडे करून.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. यवतमाळच्या तपासण्या व पुढील औषधोपचार विनामूल्य व्हावयाचे, तर दारिद्र्यरेषेखालचे पिवळे रेशनकार्ड हवे होते. गयाबाईंचे केशरी होते. कमाई जिनिंगची, तीही वर्षातून काही महिने. पिवळ्या कार्डावर त्यांचा हक्क निःसंशय होता. मी अर्ज लिहिला. माझ्या अर्जात खोट निघत नाही. तथापि अर्ज नामंजूर झाला. तलाठ्यांनी चौकशी अहवालात नोंदवले होते : ‘अर्जदार बाई अंगाने भरलेली असून खाऊनपिऊन सुखी दिसते.’

मी हा शेरा गयाबाईंना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचावयास लावला.

“त्यानं घर पाह्यलं?”

“नाही. तुमाले वट्ट्यावर बसलेलं पाह्यलं असंन.”

“म्हंजे साहेबाले पाह्यलं,” त्या म्हणाल्या. “मले कोनी पाह्यलंच नाही.”

असे म्हणणारे तलाठी एकटे नव्हते, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. ती कापसाची वाईट वर्षे होती. भाव पडलेले, बोंडे अळीने पोखरलेली. घरोघरी माणसे वाळत चाललेली. अशा मुलखात पोट म्हणजे उघड उघड सुबत्ता, असेच सर्वांच्या डोळ्यांना वळण लागले होते. माझ्याही. टोळीतल्या बायाच विचारीत, “गयाबाई, कोन्त्या चक्कीचं पीठ खाते वं?” आणि त्या म्हणत, “तू जे खाते तेच. तुह्या अंगाले लागत नाही, माह्या पोटाले लागते. देणाऱ्याचा हिशोबच चुकला.”

त्या दिवसांत या हलाखीचे फोटो घ्यावयास शहरातून मोटारी येत, कॅमेरे येत. एक मोटार जिनिंगच्या फाटकाशी थांबली. कॅमेरेवाल्याने टोळीतल्या बायांना रांगेत उभे केले, वाळल्या बाया पुढे घेतल्या. मग गयाबाईंना म्हणाला, “मावशी, तुम्ही जरा बाजूला होता का?”

“काहून?”

“नाही, म्हणजे... फोटोत बरोबर येत नाही.”

मागून कोणीतरी बोलली, “साहेब मावून नाही राह्यला, बाप्पा.” बाया हसल्या.

गयाबाई हसल्या नाहीत. त्या बरोबर मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि पदर खांद्यावर टाकला, पोट मोकळे सोडून. “फोटोत दुकाळ पायजे ना तुमाले? मंग काढा. ह्या वाळल्या, मी सुजली. दोन्ही दुकाळच हाये. एक काढून दुसरा ठेवसान, त अर्धाच फोटो होईन.” कॅमेरेवाल्याने बटण दाबले. तो फोटो कुठे छापून आला की नाही, मला माहीत नाही. माझ्या मते आला नसावा.

त्याच दिवशी त्या माझ्याकडे आल्या. “दुसरा अर्ज लिवा.”

अपिलाच्या अर्जाचे माझे काही नियम आहेत. एक अर्ज, एक विषय, हा त्यातील पहिला. अर्जात दोन विषय आले, की एका विषयाचे टेबल दुसऱ्या विषयाच्या टेबलाकडे बोट दाखवते आणि अर्जदार मधल्या व्हरांड्यात म्हातारा होतो. मी त्यांना समजावले, “कार्डाचं लिवू. बिमाऱ्या नोका घुसवू. साखर, दाब, चरबी, हिरड्या, हृदय, पाच विषय होते.”

“पाच कुठी होते? डॉक्टरबाईनं काय सांगतलं? एकच हाये.”

“मंग विषय काय टाकू?”

“पोट टाका.”

मी पुष्कळ विरोध केला. कचेरीत हसे होईल म्हणालो. माझ्या अक्षराची इभ्रत आहे म्हणालो. त्या उठेनात. माझ्या टेबलासमोर दुसरे अर्जदार खोळंबले, तरी उठेनात. अखेर मी लिहिले : ‘विषय : माझ्या पोटाबाबत.’ आणि खाली, डॉक्टरीणबाईंच्या दाखल्याचा आधार घेऊन, सदर पोट हे सुस्थितीचे लक्षण नसून दीर्घकालीन आंतरिक दाहाचे लक्षण आहे, इत्यादी मजकूर एकाच विषयात ओवला. असा अर्ज मी आधी लिहिला नव्हता. लिहून झाल्यावर मला तो बरा वाटला.

सुनावणी नायब तहसीलदारांपुढे होती. आदल्या दिवशी मी गयाबाईंना व्यवहाराचा सल्ला दिला, जो मी सर्वांना देतो. “पदर सैल घ्या. जरा वाकून उभ्या राहा. साहेबाच्या नजरेत पोट येऊ देऊ नोका.”

“कायले?” त्या म्हणाल्या. “चोरून आनलं का म्या?”

नायब तहसीलदारांची खोली लहान. एका बाजूला तलाठी उभे, टेबलावर साखरेचा चहा, आणि टेबलामागे साहेब, म्हणजे खरेखुरे साहेब, ज्यांच्या सदऱ्याची मधली गुंडी नेहमी ताणलेली असे. त्यांनी अर्ज वाचला. “हा काय विषय झाला?”

“अर्जदाराचा आग्रह होता,” मी म्हणालो.

गयाबाईंनी पिशवीतून टेप काढला. स्वतःच्या पोटाभोवती गुंडाळला, जेथे दोन टोके मिळाली तेथे अंगठा दाबला आणि शिपायापुढे धरला. “वाच बाबू.” शिपायाने आकडा वाचला. मग त्यांनी टेप टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला.

“आता तुमचं मोजा, साहेब.”

 तलाठी छताकडे पाहू लागले.

“बाई, ही कचेरी आहे.”

“हाये ना. मले बी मालूम हाये. ह्या तलाठीभाऊनं माहं पोट पाहून लिवलं, सुखी हाये म्हून. मंग तुमचं पाहून काय लिवाचं ते सांगा. सुखी लिवाचं का बिमार लिवाचं?”

मी मनातल्या मनात अर्ज फेटाळला गेल्याचे गृहीत धरले. साहेबांनी चहाचा कप हाताने दूर सारला. नंतर आवाज खाली आणून म्हणाले, “मला साखर आहे. दाबाच्याही गोळ्या चालू आहेत.”

गयाबाईंचा आवाजही खाली आला. “पायाले मुंग्या येते?”

“येतात.”

“हिरड्या दाखोल्या?”

“हिरड्यांचं काय?”

“दाखोवा लागते. तेबी त्याच्यातच येते.” आणि मग, शेजारणीशी बोलावे तशा, त्या म्हणाल्या, “तुमी पगारदार, तुमाले बी झालं. मी जिनिंगवाली, मले बी झालं. तुमच्या पोटावून तुमी श्रीमंत नाही होत, माह्या पोटावून मी कशी होईन? लिवून टाका साहेब. पोट सापडलं, सुबत्ता नाही सापडली.”

साहेबांनी तसे लिहिले नाही. त्यांनी फेरचौकशीचा आदेश लिहिला, आणि त्यात ‘प्रत्यक्ष घरी जाऊन’ हे शब्द अधोरेखित केले.

तलाठी गयाबाईंच्या घरी आले, तेव्हा पंच म्हणून मी हजर होतो. एक खोली, भिंतीवर बाबासाहेबांची व बुद्धाची तसबीर, चूल, दोरीवर दोन लुगडी. गयाबाईंनी सगळे डबे उतरवून त्यांच्यापुढे मांडले आणि एकेक झाकण काढले. पीठ. तुरीची चुरी. तेलाची बाटली, तळाशी थोडे तेल. साखरेचा डबा रिकामा, धुऊन पालथा घातलेला.

“शोधा,” त्या म्हणाल्या. “सुबत्ता सापडली त अर्धी तुमची.”

तलाठी बिचारे मान खाली घालून लिहीत राहिले. माणूस वाईट नव्हता. जाताना उंबऱ्यात थांबून त्यांनी विचारले, “बाई, तो मोजाचा टेप कुठी भेटते?”

कार्ड मिळाले. आदेशाची नक्कल मी स्वतः काढून आणली व त्यातील एक ओळ त्यांना वाचून दाखवली : ‘केवळ शरीरयष्टीवरून कुटुंबाच्या आर्थिक स्थितीचा निष्कर्ष काढणे उचित नाही.’ गयाबाईंनी ती तोंडपाठ केली. पुढे टोळीतल्या ज्या ज्या बाईला असा शेरा मिळाला, तिला धरून त्या माझ्या टेबलाशी आणीत आणि म्हणत, “भाऊ, हिचं बी पोटाबाबत.” तो विषय मी मग बिनतक्रार लिहू लागलो.

खर्रा सुटला तो सुटलाच. हिरड्यांतले रक्त थांबले. जिनिंगला जाण्यापूर्वी त्या नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट घालून, लुगडे वर खोचून, डांबरी रस्त्याने चालत. पोरे मागून शिट्या मारीत. टेपवरचा आकडा थोडा थोडा उतरला. साखर पुष्कळ आवाक्यात आली. जे करता येण्यासारखे होते, ते त्या बाईने केले, आणि ज्यांनी नावे ठेवली त्यांच्यापैकी एकानेही त्यातले अर्धे केलेले नाही. परंतु ती धग ध्यानात येण्यापूर्वी कितीएक वर्षे आत धुमसत होती. हृदयाने तेवढे सोसले नाही. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, “दहा वर्षं आधी कोणी टेप लावला असता तर.”  यवतमाळला त्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत. पाठीमागे गावाने एका वाक्यात निकाल लावला, तो मी सुरुवातीलाच नोंदवला आहे. एक अर्ज, एक विषय, हा माझा नियम. पण त्या निकालात विषयच चुकलेला आहे.

शेवटचे मी त्यांना पाहिले ते बसस्टँडवर. पाय सुजलेले होते, श्वास लागत होता. आर्णीमार्गे यवतमाळला जाणारी गाडी लागली होती. हातात पिशवी, पिशवीत कार्ड आणि टेप. मी धरून चढवू लागलो, तर हात झटकला. पायरीवर उभे राहून एक दम घेतला, दुसरा घेतला. दारातल्या कंडक्टरने पोटाकडे पाहून म्हटले, “मावशी, तुमाले त दोन तिकिटं लागते.”

मागची माणसे हसली. गयाबाईंनी त्यांना हसून घेऊ दिले.

“एकच लागते,” त्या म्हणाल्या. “हा बिमार हाये, मी ह्याची सोबती हावो. बिमाराले दवाखान्यात नेऊन राह्यली. सरक.”

कंडक्टर सरकला. त्या आत शिरल्या, दारालगतच्या पहिल्या बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. गाडी सुरू झाली. खिडकीतून त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पोटावर तळवा ठेवला, गंजीत हात घालून उभ्या राहत तसे क्षणभर डोळे मिटले, मग तोच तळवा गालाला लावला.

“चला साहेब,” त्या म्हणाल्या.